शिक्षक व्हायचंय? पदवीचा विषय आधी ठरवा

बारावीचा निकाल लागला की शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना घरीदारी एकच सल्ला मिळतो, ‘कशातही पदवी घे, पुढे बी.एड. करायचंच आहे.’ माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे. शिकवायचं कसं, हे बी.एड. सांगतं, काय शिकवायचं, त्याची शिदोरी पदवीच्या वर्षांतच बांधावी लागते. शिवाय नियमही तसेच आहेत. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं. सहावी ते आठवीसाठीच्या शिक्षक पात्रता परीक्षेत (टीईटी) १५० पैकी ६० गुण एक तर गणित-विज्ञानाचे असतात, नाही तर सामाजिक शास्त्रांचे. बी.एड.ला अध्यापन पद्धतीही पदवीच्या विषयांवरून मिळतात. म्हणजे पदवीचा विषय शाळेच्या वेळापत्रकात सापडायला हवा. दहावीपर्यंत मानसशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा स्वतंत्र तास नसतो. समुपदेशक व्हायचं असेल तर मात्र मानसशास्त्र घ्यायलाच हवं. ती वाट वेगळी.

यावर कुणी म्हणेल, सहावीचं गणित शिकवायला गणिताची पदवी कशाला? या शंकेला वजन आहे. लिपिंग मा या संशोधिकेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना एक उदाहरण घातलं होतं : पावणेदोनला अर्ध्याने भागा, आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. २३ अमेरिकन शिक्षकांपैकी पूर्ण बरोबर उत्तर नऊ जणांनाच काढता आलं. अर्ध्याने भागणं आणि दोनाने भागणं यांतच काहींचा गोंधळ झाला. ७२ चिनी शिक्षकांपैकी एकही चुकला नाही. गंमत अशी, की पदव्या अमेरिकन शिक्षकांकडे होत्या. चिनी शिक्षक शालेय शिक्षणानंतर दोन-तीन वर्षांचं अध्यापक प्रशिक्षण घेतलेले. मग पदवी निरुपयोगी ठरते का? कशातही घेतलेली पदवी निरुपयोगी ठरते, एवढंच यातून निघतं. ते चिनी शिक्षक मुख्यतः गणितच शिकवत आणि पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास करत. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरलं तर साडेतीन पिशव्या होतात, हे मुलांना सुचवायला पदवीचं प्रमाणपत्र लागत नाही. भागाकाराशी जुनी ओळख लागते. आपल्याकडे एकाच विषयात इतकं रमायला उसंत मिळते ती पदवीच्या वर्षांतच, पुढे नोकरीत ती फारशी मिळत नाही. म्हणून ती वर्षं केवळ गुण मिळवून देणाऱ्या सोप्या विषयावर घालवणं मला उधळपट्टी वाटते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : जागा ज्या विषयात निघतात तोच विषय घ्यावा. पोटाचा प्रश्न आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. पण जागा केव्हा आणि कोणत्या विषयाच्या निघतील, हे बारावीत कुणाला कळणार? राज्यात शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरात झाली, नंतरची एकदम २०२३ मध्ये. पदवी आणि बी.एड. होईस्तोवर पाच-सहा वर्षं जातात. तेवढ्यात आजची मागणी टिकेल याची हमी कोण देणार? नावडत्या विषयाचा शिक्षक तीस वर्षं वर्गाला कंटाळतो आणि वर्ग त्याला. जागांचा विचार जरूर करावा, पण आवडीचे दोन शालेय विषय समोर असतील तर त्यांतला एक निवडताना.

तेव्हा महाविद्यालयाचा अर्ज भरण्याआधी बालभारतीची आठवीची पुस्तकं पुन्हा उघडा. ती संकेतस्थळावर फुकट मिळतात. ज्या पुस्तकातल्या एका धड्यावर तुम्हाला स्वतःलाच दहा प्रश्न पडतील, तो विषय अर्जात पहिला लिहा.