आधी सिबिल, मग घर



संगमनेरात, प्रवरेकाठी, स्वतःचं घर बांधायचंय?
मग बँकेत जाण्याआधी एक काम करा.
आपला सिबिल अहवाल पाहा.

त्यातला सिबिल स्कोअर म्हणजे कर्जफेडीचं प्रगतिपुस्तक.
तो 300 ते 900 यांच्या दरम्यान असतो.
स्कोअर जास्त, तर बँकेचा भरवसा जास्त.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार
हा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो.
तो नीट वाचा.

फेडलेलं कर्ज अजून थकीत दिसतंय?
लगेच तक्रार करा.
30 दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे.
उशीर झाला, तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

आता थकबाकी.
हप्ता ट्रॅक्टरचा असो, की मोबाइलचा;
आधी तो पूर्ण भरा.
तडजोडीत कमी रक्कम भरलीत,
तर अहवालात ‘सेटल्ड’ असा प्रतिकूल शेरा येतो.
म्हणून पूर्ण फेडा,
आणि बेबाकी दाखला मागून घ्या.

कुणाला जामीन राहिलात?
त्याचे हप्ते थकले, तर झळ तुम्हालाही बसते.

पैसे घेऊन स्कोअर वाढवून देतो म्हणणाऱ्यांना दुरूनच नमस्कार!
सुधारणेला काही महिने लागतात.

तेव्हा लक्षात ठेवा.
आधी अहवाल.
मग थकबाकी.
आणि त्यानंतरच गृहकर्जाचा अर्ज.