नाटकाचा पत्ता

शेक्सपिअरकालीन इंग्रजी नाटकातली स्थळे हा विषय ठरल्यापासून एक शंका कानावर येते आहे. त्या रंगमंचावर रंगवलेले देखावे नव्हते. मग नाटक फ्लॉरेन्समध्ये घडले काय किंवा लंडनमध्ये, फरक काय पडतो? उत्तर त्या काळच्याच नाटककाराकडे, बेन जॉन्सनकडे आहे. ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ १५९८ साली रंगमंचावर आले तेव्हा ते फ्लॉरेन्समध्ये घडत होते. १६१६ च्या संग्रहात छापताना त्याने सगळा मुक्काम लंडनला हलवला. कथानक जवळपास तेच, म्हातारा लोरेन्झो मात्र नोवेल झाला. बदल नावांवरच थांबला असता, तर शंका रास्त ठरली असती. पण आता म्हातारा शहराबाहेर हॉक्स्टनला राहतो, मुलगा ओल्ड ज्यूरीतल्या मित्राकडे निघतो, आणि वाटेत मूरफील्ड्सच्या मैदानावर घरचाच नोकर लढाईत लुळावलेल्या शिपायाच्या सोंगात मालकापुढे हात पसरतो. ही वाट लंडनकराच्या पायाखालची. असले शिपाई त्याला रोज भेटत, त्यातले खरे किती हा प्रश्नही रोजचाच. सोंग तेच, पण आता हसणाऱ्याचा हात नकळत स्वतःच्या खिशाकडे जातो.

कोणी म्हणेल, शेक्सपिअरने तर ‘विंटर्स टेल’मध्ये बोहेमियाला समुद्रकिनारा दिला, जॉन्सननेच त्याची टिंगल केली होती. चूक खरी, पण आधीची, रॉबर्ट ग्रीनच्या मूळ कथेतली. शेक्सपिअरने केले ते निराळेच: ग्रीनचा संशयी राजा बोहेमियाचा होता, तो त्याने सिसिलीला नेला. पुराणकथेतल्या प्रॉसर्पिनाला पळवून नेले ते सिसिलीतून, आणि या राजाची हरवलेली मुलगी पर्डिटा फुले वाटताना तिचेच नाव घेते. नकाशा चुकला असेल, जागा चुकलेली नाही.

परदेश हा राजरोषापासूनचा आडोसा होता, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. १५९७ मध्ये ‘आइल ऑफ डॉग्ज’ या नाटकापायी जॉन्सनने तुरुंग पाहिला होता. पण ‘मेझर फॉर मेझर’च्या व्हिएन्नात वेशीबाहेरच्या कुंटणखान्यांवर कुदळ पडते, तेव्हा प्रेक्षकाला लंडनची वेस दिसलीच पाहिजे, नाहीतर आडोसा कशाचा? आणि १६१० च्या ‘अल्केमिस्ट’मध्ये जॉन्सनने तोही ठेवला नाही. प्लेगच्या धास्तीने मालक सोडून गेलेले, ठकांनी बळकावलेले ते घर ब्लॅकफ्रायर्समधले, आणि नाटक करणाऱ्या कंपनीचे बंदिस्त नाट्यगृहही ब्लॅकफ्रायर्समध्येच. तिथला खेळ संपला की प्रेक्षक त्याच गल्ल्यांतून घरी जात.