घराचा नकाशा कोण काढतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी सध्या एकच विषय चालू आहे. गावचं जुनं घर दुरुस्त करायचं, की पाडून स्लॅबचं बांधायचं? म्हणून आज आपल्या कोकणातल्या घरांविषयीच बोलते.

आपलं घर पावसानं घडवलं, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणून उतरतं छप्पर, उंच जोतं आणि भिंतींना झड लागू नये म्हणून पडव्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, म्हणून चिऱ्याच्या भिंती. छप्पर तर बदलतच आलंय. आधी गवत आणि झाप, कुंभारानं घडवलेले नळे. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौलं आपल्याकडे आली.

छप्पर बदललं, आतली मांडणी मात्र तीच राहिली. खळं, पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागीलदार. हा क्रम पावसानं ठरवलेला नाही, माणसांनी ठरवलाय. कोणी कुठवर यायचं, याचा तो नकाशा आहे. सॉफ्टवेअरमध्ये कोणाला किती आत येऊ द्यायचं, हे आम्ही लिहून ठेवतो. इथे काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी प्रत्येकाला आपली पायरी ठाऊक होती.

या नकाशात जपावं असं पुष्कळ आहे. ओटी पुढून उघडी, त्यामुळे वाटेनं जाणारा सहज टेकतो, त्याला गूळपाणी मिळतं. गणपतीत भजनाची मंडळी तिथेच बसतात. भात झोडायचं खळं सारवलं की त्यावरच लग्नाचा मांडव पडतो. मच्छीमार वाड्यांत पडवीत जाळी दुरुस्त होतात आणि अंगणात मासळी वाळते. सिंधुदुर्गात गणपतीवर माटवी बांधतात, म्हणून स्लॅबचं घर बांधतानाही काही जण छताला आठवणीनं कड्या ठेवतात. घर बदललं तरी सण आपली जागा मागून घेतो, ती अशी.

आणि या नकाशात न जपण्यासारखंही आहे. ओटी पुरुषांची, मागीलदार बायकांचं. घरातल्या बाईचा दिवस धुराच्या, अंधाऱ्या स्वयंपाकघरात जायचा. महिन्याचे चार दिवस तिची जागा बाहेर, पडवीच्या कोपऱ्यात. मोकळं बोलायला मिळायचं ते विहिरीवर, शेजारणींशी. जातीचंही तसंच. कोणी खळ्यात थांबायचं, कोणी ओटीवर चढायचं, हे ठरलेलं. वर्गात एका बाकावर बसलेले आपण गावात एकमेकांच्या ओटीवर बसलोच होतो, असं नाही. आज हे बोलायला कठीण जातंय, पण आपल्यातच नाही तर कुठे बोलायचं?

तेव्हा स्लॅबचं घर बांधणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे कितीतरी घरांची कौलं आणि पत्रे उडाले. ज्यांनी तो दिवस काढला, त्यांना स्लॅबचा आधार वाटणारच. शिवाय दरवर्षी कौलं चाळायला माणसं मिळत नाहीत, वाशांना वाळवी लागते. शहरातून सल्ला देणं सोपं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की काय ठेवायचं नि काय सोडायचं हे आपण ठरवावं, ठेकेदारानं नव्हे. ओटी ठेवा, पण तिला ग्रिल लावून पिंजरा करू नका, आणि तिथे कोणीही येऊन बसावं. स्लॅब घाला, पण भिंतींवर पाऊस येणार नाही इतकी पडवी सोडा. स्वयंपाकघराला मोठी खिडकी द्या, जिथून येणारं-जाणारं माणूस दिसेल.

आणि एक विनंती. पाडायचं ठरलंच, तर आधी टेप घेऊन घर मोजा. आपल्या सरांनी भूमितीच्या तासाला शिकवलंय तसं प्रमाणात काढा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवून विचारा, 'आजी, तू कुठे बसायचीस? कुठे जायला तुला मनाई होती?' ती सांगेल ते नकाशावर लिहा. त्याची एक प्रत शाळेत आणून द्या. येत्या मे महिन्यात सुरुवात माझ्या घरापासून करते. कोणी सोबत येणार असेल, तर जेवणानंतर मला भेटा.