अंगाला खाज, वाडग्यात काय?



हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत कुत्र्याला काय घालता असं विचारलं, की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: दूध-पोळी. रात्रीच्या उरलेल्या पोळ्या सकाळी दुधात कुस्करायच्या, दुपारी दहीभात, आणि संध्याकाळी पाहुणे आले तर लाइन बाजारातून आणलेल्या पेढ्याचा तुकडा. पॉमेरेनियन म्हणून आपण ज्याला ओळखतो तो पांढरा स्पिट्झ असो, पग असो, की हल्ली गल्लोगल्ली दिसणारा शित्झू असो, या लहान कुत्र्यांना घरातलं सगळं मिळतं. त्यामागची माया खरी आहे. पण ज्या कुत्र्याच्या अंगाची खाज थांबत नाही, त्याच्या वाडग्याकडे नीट पाहावं लागतं. त्याचं योग्य खाणं पाकिटाच्या किमतीवरून ठरत नाही, शेजाऱ्यांच्या अनुभवावरून ठरत नाही आणि रक्ताच्या चाचणीवरूनही ठरत नाही. आठ आठवडे एकाच नियमाने खायला घालावं, तेव्हाच ते कळतं. आज मला एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट सांगायचं आहे.

आधी एक अट. खाज सुटली म्हणजे खाण्याचंच कारण असतं असं मुळीच नाही. आपल्याकडे पहिलं कारण पिसवा. शेपटीच्या मुळाशी, पाठीवरचे केस मागे सारून बारीक दातांचा कंगवा फिरवा. त्यात काळी भुकटी आली तर ती ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका. थोड्या वेळात तिच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती माती नव्हे. पिसवांनी रक्त पिऊन टाकलेली ती विष्ठा आहे. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात, त्यामुळे “आम्हाला तर एकही पिसू दिसली नाही” यावर थांबू नका. दुसरी खरूज. कानाची कड बोटांत धरून चोळली आणि मागचा पाय आपोआप खाजवू लागला, तर खरजेचा संशय घ्यावा. घरातल्या कुणाच्या हातावर, पोटावर पुरळ उठलं असेल तर तो आणखी बळावतो. तिसरी गोष्ट पावसाळ्याची. धारवाडच्या पावसात घराच्या भिंतींना ओल येते, तशी लोंबत्या कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यातही ओल राहते, तिथे बुरशी वाढते आणि कुबट वास येऊ लागतो. या तिन्हींवर औषधं आहेत आणि ती आधी व्हायला हवीत. पिसवा अंगावर ठेवून खाणं बदलत बसलात, तर महिने वाया जातील.

आणि कळकळीची विनंती: रॉकेल, जळकं ऑइल, तंबाखूचं पाणी, फिनेल यांतलं काहीही कुत्र्याच्या अंगाला लावू नका. कुत्रं अंग चाटतं. लावलेलं सगळं पोटात जातं. लहान कुत्र्याचं वजन चार-पाच किलो. मोठ्या कुत्र्याला जे जेमतेम झेपलं, त्याने या लहानग्याचा जीव जाऊ शकतो.

आता खाण्याकडे येऊ. खाज बारा महिने आहे, ऋतू बदलला तरी तशीच आहे, पंजे चाटून चाटून पांढरे केस तांबूस झालेत, कान पुन्हा पुन्हा बिघडतात, कुत्रं गुदद्वाराजवळ खाजवत, ते जमिनीवर घासत बसतं, जोडीला पोटही अधूनमधून बिघडतं, असं चित्र असेल तर खाण्याची ॲलर्जी तपासायला हवी. इथे आपल्या घरांतली एक समजूत आडवी येते. खाज म्हणजे उष्णता. मग अंडं बंद, मटण बंद, आणि थंड म्हणून दूध, दही, ताक वाढवायचं.

पण आकडे वेगळंच सांगतात. 2016 साली राल्फ म्युलर, तिएरी ऑलिव्हरी आणि पास्कल प्रेलो या त्वचारोगतज्ज्ञ पशुवैद्यांनी तोवर प्रसिद्ध झालेले अभ्यास एकत्र तपासले. त्यांत खाण्याची ॲलर्जी सिद्ध झालेली 297 कुत्री होती. ॲलर्जीचं कारण म्हणून सर्वांत जास्त वेळा सापडलं गोमांस, 34 टक्के कुत्र्यांत. त्याच्या खालोखाल दूध आणि दुधाचे पदार्थ 17 टक्के, कोंबडी 15 टक्के, गहू 13 टक्के. मेंढीचं मटण 5 टक्क्यांवर होतं. कुत्र्याचं शरीर सहसा त्याच प्रथिनावर बिथरतं, जे त्याला वर्षानुवर्षं मिळत आलंय. आपल्या घरातल्या कुत्र्याच्या वाट्याला गोमांस येत नाही. पण यादीतलं दूध आणि गहू हे दोन्ही दूध-पोळीच्या एकाच वाडग्यात, रोज, जन्मभर येत असतात. म्हणजे उष्णतेच्या भीतीने आपण जे वाढवतो, तेच खाजेचं मूळ असू शकतं.

ॲलर्जी नसली तरी या वाडग्यावर माझा आक्षेप आहेच. कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनांतला पंचवीस-तीस टक्के भाग त्वचा आणि केस यांच्यासाठीच खर्च होतो. दूध-पोळीतून तेवढं चांगलं प्रथिन मिळत नाही. शिवाय धान्यातलं फायटेट आणि दुधातलं भरपूर कॅल्शियम मिळून जस्त शरीरात नीट शोषलं जाऊ देत नाहीत. जस्त कमी पडलं की त्वचा जाड होते, कोंडा पडतो, केसांची चमक जाते. अशी कुत्री मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना मलमाची नव्हे, नीट जेवणाची गरज होती.

तर आठ आठवड्यांचा नियम असा. या कुत्र्याने पूर्वी कधीच खाल्लेलं नाही असं एक प्रथिन निवडायचं, त्याच्या जोडीला एक पिष्टमय पदार्थ, आणि त्याव्यतिरिक्त फक्त पाणी. ज्याने आजवर दूध, पोळी, कोंबडी, अंडं खाल्लंय, त्याला बोकडाचं मटण आणि तांदूळ देता येईल. मटण खाऊन झालेलं असेल तर कारवारकडून येणारी मासळी, काटे काळजीपूर्वक काढून. पाच किलोच्या, वाढ पुरी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी लागतात. सुरुवातीला शिजवलेलं बिनहाडाचं मटण शंभर ग्रॅमच्या आसपास आणि भात दीडशे ग्रॅम, दोन वेळांत विभागून. दर आठवड्याला वजन करून हे प्रमाण कमी-जास्त करायचं. नुसतं पाण्यात शिजवायचं. मीठ नको, हळद नको, फोडणी तर नकोच. हुबळीच्या सावजी खानावळीतून मटणाचे तुकडे आणून धुऊन घालणारी मंडळी मला माहीत आहेत. तसं करू नका. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो आणि तो धुऊन निघत नाही. शिजवलेली हाडं चावताना फुटतात आणि त्यांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात. गिरमिटही नको, त्यात कच्चा कांदा असतो. बेदाणेही बाजूलाच ठेवा, ते कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांची अडचण मी समजतो आणि तिला नावं ठेवत नाही. त्यांच्यासाठी पशुवैद्याच्या सल्ल्याने मिळणारं हायड्रोलाइज्ड खाणं आहे. त्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की शरीराची प्रतिकारशक्ती सहसा त्यांना ओळखत नाही. ते महाग आहे, पण पाच किलोच्या कुत्र्याला लागतंही थोडंच. दुकानात सहज मिळणाऱ्या ‘लॅम्ब’ किंवा ‘फिश’ लिहिलेल्या पाकिटांवर मात्र या आठ आठवड्यांत विसंबू नका. तपासण्यांत अशा पाकिटांत, वर न लिहिलेली दुसरी प्रथिनंही वारंवार सापडली आहेत, आणि पुष्कळदा ती कोंबडीची असतात. रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या चाचण्यांतून खाण्याची ॲलर्जी खात्रीने कळत नाही. तो पैसा मटणावर खर्च करा.

हा नियम कुत्रं मोडत नाही, घर मोडतं. धारवाडातल्या एका घरी सगळं छान चाललं होतं. पाचव्या आठवड्यापर्यंत खाज निम्म्याने उतरली होती आणि पंज्यांवर मुळाशी नवे पांढरे केस दिसू लागले होते. मग एकाएकी कुत्रं पुन्हा रात्रभर खाजवू लागलं. मुलगा म्हणाला, बाहेरचं काही दिलेलं नाही. सून म्हणाली, बिस्किटाचा डबासुद्धा माळ्यावर ठेवलाय. शेवटी आज्जी म्हणाल्या, “डॉक्टर, मी त्याला गोळी तेवढी देते. कडू म्हणून पेढ्यात दडवून. औषधच ते, खाणं कुठे दिलं मी?” त्यांचा प्रश्न रास्त होता. औषध देण्यात त्यांची एक दिवसाची कुचराई नव्हती. पण पेढा म्हणजे आटवलेलं दूधच, आणि पाच ग्रॅमचा तुकडाही ॲलर्जीला पुरतो. पेढ्याऐवजी मटणाच्या तुकड्यात गोळी द्यायला सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत कुत्रं पुन्हा पूर्वपदावर आलं. पेढ्याच्या कॅलरींचंही सांगून ठेवतो. पंचवीस ग्रॅमच्या एका पेढ्यात जवळपास शंभर कॅलरी असतात, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याच्या दिवसभराच्या गरजेचा चौथा हिस्सा.

म्हणून घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींना आणि शेजारच्या मुलांनाही आधीच सांगा. जंताच्या आणि गोचिडांच्या चघळायच्या गोळ्यांत मांसाची चव घातलेली असते. त्याऐवजी बिनचवीचं किंवा मानेवर सोडायचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. चावायला दिलेली चामड्याची हाडं बंद. फिरायला नेताना तोंड रस्त्याकडे जाऊ देऊ नका. मुहूर्तही विचाराने निवडा. श्रावणापासून दिवाळीपर्यंत प्रसाद आणि फराळ घरभर असतो, त्यात पिसवांनाही पावसाळा मानवतो. तुळशीचं लग्न लागलं की सुरू करा, संक्रांतीच्या आसपास आठ आठवडे भरत येतात. संक्रांतीचा तिळगूळ मात्र त्याला नाही.

आठ आठवडेच का? खाण्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत पाच आठवड्यांत फरक दिसतो, आठ आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत. दुसऱ्या आठवड्यात “काही उपयोग नाही” म्हणून सोडून देणारे जास्त, आणि तिथेच सगळं फसतं. रोज रात्री कॅलेंडरवर खाजेला शून्य ते दहा असे गुण लिहा. आठवणीवर भरवसा ठेवू नका.

जवसाची चटणी केसांना चांगली, असं आपल्या भागात पुष्कळ जण सांगतात. माणसांपुरतं ते ठीक आहे. कुत्र्याच्या शरीरात जवसाच्या तेलाचं त्वचेला उपयोगी पडणाऱ्या स्निग्धाम्लात फारच थोडं रूपांतर होतं, आणि चटणीत लसूण असतो. माशाचं तेल उपयोगी आहे, पण ते मासळीतून येतं, म्हणून या आठ आठवड्यांत डॉक्टरांना विचारूनच. त्याचा गुण यायलाही दोन-तीन महिने लागतात.

खाज उतरली की काम संपलं नाही. आता जुनं खाणं एकेक करून परत आणायचं. आधी फक्त दूध, दोन आठवडे. काही झालं नाही तर पोळी, दोन आठवडे. मग कोंबडी. खाज परत यायची असेल तर बहुतेक कुत्र्यांत ती या दोन आठवड्यांच्या आत येते. आली की तो पदार्थ कायमचा बंद, आणि खाज शमल्यावरच पुढचा. ही पायरी गाळणारे लोक कुत्र्याला जन्मभर मटण-भातावर ठेवतात. घरच्या नुसत्या मटण-भातात कॅल्शियम फार कमी, जस्त, आयोडीन आणि काही जीवनसत्त्वंही अपुरी. दोन महिने मोठ्या कुत्र्याला चालतात. त्यापुढे डॉक्टरांनी ठरवून दिलेली पूरकं घालावीच लागतात, आणि वाढत्या पिलाला तर हा आहार त्यांच्या देखरेखीशिवाय एक आठवडाही देऊ नये.

आणि आठ आठवडे काटेकोर पाळूनही खाज जशीच्या तशी राहिली, तर खाण्यावरचा संशय जवळजवळ संपला. मग परागकण, घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे यांची ॲलर्जी उरते. ती पुरती बरी होत नाही, पण औषधांनी आटोक्यात राहते. त्यासाठी दवाखान्यात येताना कॅलेंडरची ती पानं बरोबर आणा, आणि शेवटची गोळी कशातून दिली होती तेही लिहून आणा.