ज्वालामुखीच्या उतारावरील चिकणमाती



अरण्यांच्या मृदांविषयीचे लेखन मराठीत आणण्याचे काम करताना पहिली अडचण उभी राहते ती ‘चिकणमाती’ ह्या अगदी साध्या शब्दाची. हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर कुंभाराचे चाक येते, किंवा वऱ्हाडातील ती काळी जमीन येते, जी पावसाळ्यात पायाला धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडून बसते. मृदाशास्त्रज्ञ मात्र हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरतो. एका अर्थाने चिकणमाती म्हणजे केवळ कणाचे माप होय. वाळूहून बारीक तो पोयटा, आणि पोयट्याहूनही बारीक, म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान, तो चिकण कण. दुसऱ्या अर्थाने ती खनिजांची एक जात आहे, आणि ह्या जातीत स्वभावाने परस्परविरुद्ध अशी खनिजे आहेत. एकच शब्द दोन्हीकडे वापरल्यामुळे वाचकाची जी फसगत होते ती टाळावी, एवढ्यासाठी आजचा विषय मी थोडा मागून सुरू करतो.

वऱ्हाडातील काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइटच्या गटातील खनिजे विपुल असतात. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, पापुद्रे दूर सरतात, माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. अशा खनिजाच्या एका ग्रॅममधील सर्व पृष्ठभाग, आतले आणि बाहेरचे, पसरून मोजले तर ते सातशे चौरस मीटरच्या घरात जातात. उलट केओलिनाइट हे खनिज घ्या. त्याचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, पाण्याला आत वाट मिळत नाही, आणि ग्रॅममागे पृष्ठभाग भरतो जेमतेम दहावीस चौरस मीटर. दोन्ही चिकणमातीच, पण पहिली दात्यासारखी, पोषकद्रव्ये साठवून पिकाला देणारी, आणि दुसरीच्या हाती देण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. उष्ण व अतिवृष्टीच्या प्रदेशात ज्वालामुखीच्या खडकांवर जी जुनी अरण्ये उभी आहेत, त्यांच्या मुळांखाली बहुधा ही दुसरी माती असते.

ज्वालामुखीचा खडक चिकणमातीत कसा रूपांतरित होतो? राख बाहेर पडते तेव्हा ती इतक्या त्वरेने थंड होते की तिच्यातील अणूंना स्फटिकाच्या शिस्तीत बसण्यास अवधीच मिळत नाही. ती काचेच्या स्वरूपात राहते. काच पाण्यापुढे लवकर हार खाते. तिच्यातून प्रथम ॲलोफेन नावाचा, अजून धड स्फटिक न झालेला पदार्थ बनतो. त्याच्या अंगी पाणी आणि कुजलेला पालापाचोळा धरून ठेवण्याची शक्ती विलक्षण असते. ह्या मातीचा गोळा कोरडा भासतो, परंतु बोटांत दाबून चोळला की ती एकदम लिबलिबीत होऊन ओलसर होते; आणि एकदा पुरती वाळली तर तिचे कठीण खडे बनतात, जे पुन्हा पूर्वीसारखे भिजत नाहीत. शास्त्रज्ञांनी ह्या मृदेला दिलेले नाव जपानी भाषेतून घेतले आहे: ‘अन’ म्हणजे काळसर आणि ‘दो’ म्हणजे माती. भाषांतरकाराला अशा नावांचा मोठा आधार वाटतो; शेतकऱ्याने सांगावे तसे ते सरळ आहे. जांभा दगडाची गोष्ट याच्या उलट. मलबारातील अंगाडिपुरम येथे फ्रान्सिस बुकॅननने १८०७ साली त्याला लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून नाव दिले, आणि आपल्याकडे ‘जांभा’ हा नेटका शब्द असताना पाठ्यपुस्तकांतून ‘लॅटेराइट’ घोकले जाते.

पावसाचे काम पुढे चालूच राहते. चुना, मॅग्नेशियम, सोडियम, पालाश ही विरघळणारी द्रव्ये आधी वाहून जातात, मग सिलिकाही हळूहळू जाते. मागे राहतात ती केओलिनाइटसारखी खनिजे आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. ह्या प्रवासाचे टप्पे हवाई बेटांत रांगेने पाहावयास मिळतात. तेथे एकाच प्रकारचा लाव्हा एका टोकाला काही शतकांचा आणि दुसऱ्या टोकाला, कौआई बेटावर, सुमारे ४१ लाख वर्षांचा आहे. पीटर व्हिटोसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या रांगेवर दीर्घकाळ काम केले. नव्या जमिनीवर झाडांची वाढ अडते ती नत्रासाठी, कारण दगडात नत्र नसतोच. अतिजीर्ण जमिनीवर ती अडते स्फुरदासाठी, कारण खडकातील स्फुरद एकतर धुपून गेलेला असतो अथवा ऑक्साइडांनी जखडून टाकलेला असतो. कौआईच्या अरण्याला स्फुरदाचा मोठा वाटा मिळतो तो हजारो किलोमीटरांवरील मध्य आशियातून वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीतून, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

आता ज्या अरण्याविषयी मला विस्ताराने सांगावयाचे आहे तिकडे वळू. कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात लुकीयो नावाचे पर्वत आहेत. उंची फार नाही. एल तोरो हे सर्वोच्च शिखर १,०७४ मीटर. मात्र पूर्वेकडील वारे येथेच अडतात आणि वर्षाला साडेतीन ते साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शिवाय तो चार महिन्यांत कोसळून थांबत नाही, बारमाही पडतो. हे पर्वत म्हणजे धुमसणारा शंकू नव्हे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींची राख आणि त्यांच्या खडकांचा चुरा समुद्रतळाशी साचून घट्ट झाला, व तोच पुढे वर उचलला गेला. स्पेनच्या राजाने १८७६ साली ह्या अरण्याच्या काही भागाला संरक्षण दिले, म्हणजे पश्चिम गोलार्धातील अतिशय जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते.

येथील उतारावर खड्डा खणला तर प्रथम पाचोळा आणि मुळांची चटई लागते. तिची जाडी आश्चर्य वाटावे इतकी कमी असते. तिच्याखाली तपकिरी, मग पिवळसर तांबडी चिकणमाती सुरू होते, आणि खाली खाली जावे तशी मातीचा अंश मागे पडून मुरूम येतो: रूप खडकाचे, रेषा आणि रंग खडकाचे, पण कुदळीला लोण्यासारखा. अस्सल खडक कित्येक मीटर खाली असतो. चिकण कणांचे प्रमाण एवढे असूनही वरच्या वीतभर थरात पाणी वाळूत शिरावे तसे शिरते. लोहाची ऑक्साइडे सूक्ष्म कणांना सांधून त्यांचे रवे बनवितात आणि गांडुळे व मुळे त्यांत पोकळ्या राखतात, हे त्याचे कारण. खालचा थर मात्र घट्ट असतो. म्हणून मोठ्या सरीचे पाणी वरच्या थरातून आडवे धावते आणि ओढे तासाभरात फुगतात. हाताला रवाळ लागणारी ही माती बोटांत मळत राहिल्यावरच तिचा चिकटपणा प्रकट होतो.

दिवसेंदिवस पाऊस लागून राहिला की मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात, प्राणवायू घटतो, आणि सूक्ष्म जीव श्वसनासाठी लोहाचा आश्रय करतात. तांबडे लोह विरघळते. मातीत करडे डाग उमटतात. हे ऐकताना हानी वाटते, पण ह्याच वेळी लोहाने जखडलेला स्फुरद काही अंशी मोकळा होतो आणि मुळांच्या हाती लागतो. कोरडे दिवस आले की लोह पुन्हा तांबडे होते व उरलेला स्फुरद पुन्हा बंदिस्त करते. मला ही उघडझाप ह्या मृदेचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य वाटते. तरीही अरण्याचा मुख्य भरवसा ह्यावर नाही. गळलेले पान मातीत मिसळण्यापूर्वीच कवके आणि बारीक मुळे त्यातील द्रव्ये उचलून घेतात. उन्हाळ्यात सहारा वाळवंटाची धूळ अटलांटिक ओलांडून येथवर येते, तिचाही हातभार लागतो. म्हणजे ह्या घनदाट हिरवाईचे भांडवल मातीत ठेवलेले नसून झाडांत आणि पाचोळ्यात फिरते आहे. झाडे तोडून जमीन उघडी केली तर भांडवल जाते आणि तिजोरी रिकामी होती हे उघड होते. विसाव्या शतकाच्या मध्याला ह्या बेटावर जेमतेम सहा टक्के भूमीवर अरण्य उरले होते. डोंगरशेती सोडून लोक शहरांकडे गेले तेव्हा ते परतू लागले, आणि आज ते निम्म्याहून अधिक भूमीवर आहे.

फ्रेडरिक स्काटेना आणि एरियल लुगो यांनी १९९५ साली दाखविले की ह्या पर्वतांत सोंड, उतार आणि घळ यांची माती व झाडे वेगवेगळी आहेत. घळीत ओली, करडी माती आणि ताडाच्या जातीची झाडे. सोंडेवर जुनी, निचऱ्याची माती आणि ताबोनुको नावाचे थोर वृक्ष. ताबोनुको हा आपल्या सालई आणि गुग्गुळ यांच्या कुळातील. त्याचा पांढरा सुगंधी राळ पूर्वी धूपासाठी आणि मशालींसाठी वापरीत. शेजारच्या ताबोनुकोंची मुळे जमिनीत एकमेकांशी जुळून एकजीव होतात व खडकांना कवटाळतात. अशा समूहातील झाडे वादळात कमी पडतात, असे १९८९च्या सप्टेंबरमधील ह्यूगो चक्रीवादळानंतर केलेल्या पाहणीत आढळले.

उतारावरची गोष्ट निराळी. मुळे वरच्या थरात, त्याखाली ओली चिकणमाती, त्याखाली मुरूम. अतिवृष्टीत घट्ट थराच्या वर पाण्याचा दाब वाढतो आणि सबंध थर झाडांसकट घसरतो. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ पोर्तो रिकोवरून गेले, त्यानंतर उपग्रहचित्रे व विमानातून घेतलेली छायाचित्रे तपासून सत्तर हजारांहून अधिक दरडी मोजण्यात आल्या. सगळ्या लुकीयोत नव्हत्या, हे उघड आहे. मध्य भागातील स्फटिकमय खडकांवरील डोंगरांना जबर फटका बसला. पण एक गोष्ट वारंवार आढळली आहे: रस्त्यालगत दरडींचे प्रमाण अस्पर्श अरण्यापेक्षा कित्येक पट अधिक असते. रस्ता उताराचा पायथा कापतो, आणि काढलेली माती खालच्या कडेवर ढकलून दिली जाते. लुकीयो अरण्यातून आरपार जाणारा १९१ क्रमांकाचा रस्ता १९७०च्या दशकात दरडींनी तोडला. तो पुन्हा जोडण्याचा विचार पुढे झाला, विरोधही झाला, आणि आरपार वाहतूक पूर्ववत झाली नाही. तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

सह्याद्री हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचाच, सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीचा. पण त्याचे थर आडवे, पायऱ्यांसारखे, आणि पाऊस चार महिन्यांचा, म्हणून त्याची माती लुकीयोची प्रत नव्हे. तथापि उभ्या कड्याच्या पायथ्याशी साचलेली माती व मुरूम, त्यावर अतिवृष्टी आणि खाली वस्ती, ही मांडणी आपण ३० जुलै २०१४ रोजी माळीण येथे, २०२१च्या जुलैत तळीये येथे आणि १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीत पाहिली आहे. प्रत्येक ठिकाणची कारणे स्वतंत्रपणे तपासावी लागतात. माती किती खोल आहे आणि पाणी तिच्यात कोठे अडते, हा प्रश्न मात्र सर्वत्र तोच.

दरड पडून गेल्यावर लुकीयोत जो उघडा तांबडा पट्टा राहतो, त्यात नत्र जवळजवळ नसतो. वरच्या कडेला प्रथम नेचे पसरतात आणि त्यांच्या दाट जाळीत झाडांच्या रोपांना वर्षानुवर्षे वाट मिळत नाही. खालच्या बाजूला, जेथे घसरलेली माती व तिच्यातील पाचोळा साचतो, तेथे सेक्रोपियाची पोकळ खोडाची झाडे काही वर्षांतच डोक्याहून उंच होतात. त्यांची मोठाली पाने गळतात, पाचोळ्याचा थर धरू लागतो, आणि त्यात मुळांची पहिली चटई विणली जाते. सोंडेवरच्या ताबोनुकोचे बी तेथे पोचून रुजेपर्यंत काही दशके लोटलेली असतात.