घरच्या कुत्रीची शिकवणी
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

आम्ही नवरा-बायको काही प्राणितज्ज्ञ नाही. दोघेही नोकरदार. गेल्या दीड वर्षात आम्ही डिचोलीच्या घरी एका गावठी कुत्रीला शिकवले, तेवढेच सांगतो.

आईला उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने यंत्र लावून थोडेसे. यंत्र डोके दुखवते म्हणून दुपारी काढून ठेवते. आठ ते सहा ती घरात एकटी. पोदेराचा पों पों चुकला तर पाव नाही मिळणार, एवढेच. पण कुकरच्या शिट्ट्या, फाटकावरची हाक, आमचा फोन हे रोजचे होते. ऑफिसात बसून फोनची रिंग नुसती वाजत राहिली की काय वाटते, ते घरी म्हातारे माणूस असलेल्यांना सांगायला नको.

अंधांसाठी कुत्रे शिकवणारी शाळा १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला सुरू झाली, महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी. बहिऱ्यांसाठीचे कुत्रे बरेच उशिरा आले. ब्रिटनमधली त्यांची संस्था १९८२ची, आणि सुरुवातीचे बरेच कुत्रे निवाऱ्यातून आणलेले. हे वाचल्यावर महागडे पिल्लू घ्यायचा विचार आम्ही सोडला.

निवड मात्र नीट करावी. वाड्यावरच्या तीन कुत्र्यांजवळ, दहा पावलांवर आम्ही स्टीलचे ताट पाडले. एक पळाला तो परतलाच नाही. एक भुंकत राहिला. ही वर्षभराची कुत्री दचकली आणि मग ताट हुंगायला आली. तिलाच घरी आणले. रेबीजची लस टोचली, नसबंदी करून घेतली. २०१४ पासून गोव्यात मिशन रेबीजचे काम चालू आहे, त्यामुळे लशीचे महत्त्व इथे वेगळे सांगत नाही.

शिकवणी अशी. आधी आवाज नाहीच. आईने हात पुढे करायचा, कुत्रीने नाक लावले की उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा नखाएवढा तुकडा. तुकडा आईच्याच हातून, आमच्या नव्हे. नाहीतर कुत्री आमच्यासाठी काम करते. मग आईजवळच फोनची रिंग वाजवायची आणि लगेच हात पुढे. मग फोन दुसऱ्या खोलीत. शेवटी नाक लावून झाले की आईने "कुठे?" म्हणायचे आणि कुत्रीने आवाजाच्या जागी न्यायचे. एका वेळी एकच आवाज, पाच मिनिटे, दिवसातून तीनदा. फोनला दोन महिने लागले, फाटकाला तीन आठवडे. पोदेराचा भोंगा तिने स्वतःच शिकून घेतला, पावाच्या लोभाने असावे!

धोक्याच्या घंटेचे वेगळे. तिथे कुत्रीने माणसाला आगीकडे नेता कामा नये. नाक लावायचे आणि जागीच आडवे पडायचे. हे ती अजून शिकते आहे, म्हणून आईसाठी इंडक्शनची शेगडी घेतली.

"मग अंधासाठीही घरीच शिकवू का?" असे पेडण्याच्या एका गृहस्थांनी विचारले. आमचे मत, नको. रस्त्यावर, वाहनांत माणसाचा जीव कुत्र्यावर सोपवायचा, तिथे जाणकार प्रशिक्षक हवाच. आमच्या कुत्रीचे काम उंबऱ्याच्या आतले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा कुत्र्यांचा उल्लेखही नाही, त्यामुळे बसमध्ये कंडक्टरशी वाद घालायला आमच्या हाती काही नाही. आईला मात्र अडचण वेगळीच वाटली होती: देवघराजवळ कुत्री कशी चालेल? साखळीच्या दत्तमंदिरात जाऊन आल्यावर तीच म्हणाली, दत्ताच्या पायाशी चार असतात, माझ्याकडे एक.

चवथीला शिकवणी बंद असते. फटाके सुरू व्हायच्या आधीच तिला आतल्या खोलीत नेतो, पंखा मोठा लावतो आणि आईची जुनी साडी अंथरतो. घुमटाचे मात्र तिला काही वाटत नाही. आरतीला ती दाराशी येऊन बसते. फाटकावर कोणी आले की आईच्या गुडघ्याला नाक लावते आणि आई आरती थांबवून बाहेर बघते.