भीती असू द्या, बोलणं थांबवू नका



गटाच्या बैठकीत आपण कशा बोलतो ते जरा आठवून बघा. कुणाचा हप्ता थकला, कर्ज आधी कुणाला द्यायचं, यावर आपण तासभर वाद घालतो. बाजारात मेथीच्या जुडीचा भाव करताना तर आपल्याला कुणी हरवू शकत नाही. पण तीच बाई ग्रामसभेत उभी राहिली की तिच्या तोंडाला कोरड पडते, पदर तोंडाशी जातो आणि "माझं काही नाही" म्हणून ती खाली बसते. असं का होतं आणि त्यावर आम्ही गटागटांतून काय करून पाहिलं, ते आज सांगणार आहोत.

आधी भीतीचं बघू. चारचौघांत उभं राहिलं की छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, आवाज कापतो. आपल्याला वाटतं, आपण शिकलेल्या नाही म्हणून असं होतं. तसं नाही. संकट दिसलं की शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं, म्हणून काळीज जोरात धडधडतं. पन्नास डोळे आपल्याकडे वळले की शरीराला तेही संकटच वाटतं. शिकलेल्यांना, पुढाऱ्यांनाही हे होतं. त्यांना सवय झालेली असते, एवढाच फरक. म्हणून आमचं पहिलं सांगणं असं की, भीती जाईल आणि मग मी बोलेन, अशी वाट बघू नका. आधी बोलायचं, भीती मागाहून कमी होते.

तुम्ही म्हणाल, बोललं नाही तर बिघडतं काय? बिघडतं. एका गावात वरच्या आळीला चार दिवसांआड पाणी यायचं, तेही पहाटे तीनला. बायका रात्रभर जागायच्या. सभेत मात्र कुणी म्हणालं, "पाण्याचं ठीक आहे," आणि इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं. हंडे भरणाऱ्या बाया मागच्या ओळीत गप्प बसल्या होत्या. त्यांना खरं माहीत होतं, पण कागदावर दुसरंच आलं. सभेत जे बोललं जातं, तेच लिहिलं जातं. आणि जे लिहिलं जातं, त्याच्यावरच पुढचं काम ठरतं.

मैत्रिणींनो, गावच्या मतदार यादीत जिचं नाव आहे, ती प्रत्येक बाई ग्रामसभेची सदस्य आहे. आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. खुर्ची मिळाली, पण खुर्चीवर बाई आणि बोलणारा तिचा नवरा, असं आजही आपण बघतो. म्हणून महिला सभेला जरूर जा. तिथं समोर आपल्याच बाया असतात. पहिलं बोलणं तिथं करा.

आता तयारी कशी करायची? बोलणं तीन वाक्यांत बसवा. मी कोण, अडचण काय, मागणी काय. त्या वरच्या आळीतल्या एका ताईंनी असंच केलं. "मी वरच्या आळीत राहते, महिला गटाची सदस्य आहे. आमच्या नळाला चार दिवसांआड पहाटे तीनला पाणी येतं. पाण्याची वेळ ठरवून फलकावर लिहावी, ही आमची मागणी आहे." एवढंच. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तीन बोटं धरून तीन वाक्यं पाठ केली. भाकरी थापताना म्हटली, धुणं धुताना म्हटली. मग गटाच्या बैठकीत उभं राहून दोनदा बोलून दाखवली.

बोलायच्या आधी श्वास सावकाश घ्या आणि घेतला त्यापेक्षा हळू सोडा. असं चार-पाच वेळा केलं की धडधड थोडी उतरते. घोटभर पाणी प्या. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवा. पदर खोचून घ्या, म्हणजे हात तोंडाकडे जाणार नाही. सगळ्यांकडे बघायचं भ्या वाटत असेल तर आपल्या गटातल्या एखादीकडे बघून बोला. माईक असेल तर तो तोंडापासून चार बोटं लांब धरा. आवाज मोठा घुमला की दचकू नका, तो तुमचाच आहे. भाषा घरातली चालेल. पुस्तकी बोलायला गेलं की अडखळायला होतं.

एकटीनं जाऊ नका. पाच-सहा जणी मिळून जा आणि शेजारी शेजारी बसा. कुणी मध्येच तोडलं तर शांतपणे म्हणा, "दादा, माझं बोलणं पूर्ण होऊ द्या." बाकीच्यांनी लगेच म्हणायचं, "ताईंना बोलू द्या." हसणारे हसतील. त्यांच्याकडे न बघता तिसरं वाक्य पूर्ण करा. मागणीचा लेखी अर्जही द्या, त्याची पोच घ्या आणि मुद्दा इतिवृत्तात लिहिला का, ते वाचून दाखवायला सांगा.

त्या ताईंचा आवाज शेवटपर्यंत कापत होता. हातही थरथरत होते. पण मागणी लिहून घेतली गेली आणि पुढच्या महिन्यात पाण्याच्या वेळा फलकावर लागल्या. पाणी अजून रोज येत नाही, तो मुद्दा पुढच्या सभेसाठी ठेवलाय. आता मात्र बायका वेळ बघून झोपतात. सभेनंतर त्या ताई म्हणाल्या, "भ्या तर वाटलंच, पर बोलले."

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एक नियम करा. बचत गोळा झाली की रोज दोघींनी उभं राहून दोन-दोन मिनिटं बोलायचं. विषय कुठलाही चालेल. शेळीचा आजार, रेशनचं धान्य, मुलीची शाळा, रस्त्यावरचा बंद दिवा. चुकलं तरी कुणी हसायचं नाही आणि मध्ये बोलायचं नाही. जी कधीच बोलत नाही, तिची पाळी आधी लावा. बचत जशी थोडी थोडी साठते, तशीच ही हिंमतही साठते. आणि ग्रामसभेची नोटीस लागली की तुमची तीन वाक्यं कोणती, ते सगळ्या जणी मिळून ठरवा.

तुमच्या गावात काय घडलं ते आम्हाला जरूर कळवा.